समास माझा, नाव व्याह्यांचे

श्रीमान व्याह्यांस,

सादर आणि (पुढील मजकूर पाहता) खाली मान घालून नमस्कार.

आपला उजवा डोळा आता कसा आहे? औषधाचे थेंब वेळच्या वेळी घालता ना? ही चौकशी केवळ रीत म्हणून नव्हे. पत्र लांबणार आहे आणि ते आपण स्वतः वाचावे, विहीणबाईंकडून अगर शेजाऱ्यांकडून वाचून घेऊ नये, अशी विनंती आहे. डोळा थकला तर मध्ये थांबावे. मीही लिहिताना पुष्कळदा थांबलो आहे. इकडे सर्व जण कुशल आहेत, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही.

प्रथम सूनबाईने, म्हणजे आपल्या कन्येने, आपल्याला फोनवर जो वृत्तान्त दिला त्यातील चुका दुरुस्त करतो. (मी चोरून ऐकले नाही. ती स्वयंपाकघरात बोलत होती, मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, आणि मधली भिंत पातळ आहे.) ती म्हणाली की, बाबांनी साऱ्या गावासमोर पप्पांवर आळ घेतला. साऱ्या गावासमोर नव्हे. वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या सात सभासदांसमोर, आणि त्यांपैकी एक जण डुलकी घेत होते. ती म्हणाली की, बाबा ठणकावून बोलले. मी ठणकावले नाही, पुटपुटलो. ते अधिक वाईट. ती म्हणाली की, आता सारे सुरळीत झाले असून उलट पप्पांचा सत्कार ठरला आहे. सत्कार ठरला आहे हे खरे, सुरळीत काहीही झालेले नाही. शेवटी ती म्हणाली, ‘बाबांना मनातून वाईट वाटतंय, पण तोंडानं कबूल करायचे नाहीत.’ या वाक्यात मला एकही चूक सापडली नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याला स्मरत असेल की, डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण आमच्याकडे मुक्कामाला होता आणि ती झाल्यावर डॉक्टरांनी आपल्याला वाचन वर्ज्य केले होते. आपला वेळ जावा म्हणून सूनबाईने माझ्या कार्डावर वाचनालयातून एक जाडजूड काव्यसंग्रह आणला. पूर्वार्धात जुन्या, मान्यवर, पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या ओळखीच्या झालेल्या कविता; उत्तरार्धात अलीकडच्या, लोकांच्या तोंडी असलेल्या. ‘बाबा, रोज दुपारी तीन ते चार पप्पांना वाचून दाखवा,’ असे तिने सांगितले. मी म्हणालो की, मी छापखान्यात एकेचाळीस वर्षे मुद्रिते तपासली, कविता वाचल्या नाहीत. ती म्हणाली, ‘मग आता वाचा, छापून तर झाल्यात!’ मी पुस्तक घेतले.

यापुढचे वाक्य लिहिताना संकोच होतो, पण प्रकरणाचा पायाच तो आहे. व्याहीमहाशय, आपण झोपत होता. पहिल्या कवितेत ओढा खडकाला बाजूला हो म्हणून विनवतो, तेथे दुसऱ्या कडव्यातच आपण निद्राधीन झालात. मी तक्रार करत नाही. आपले घोरणे तालबद्ध असे आणि काही ठिकाणी वृत्ताशी अधिक इमानी होते. चार वाजता चहाचे कप वाजले की आपण डोळ्यावरची पट्टी सावरून म्हणत असा, ‘वा! काय लिहितात हो!’ आणि सूनबाईचा चेहरा उजळत असे. त्या चेहऱ्याकडे पाहून मी कधी काही बोललो नाही. (माझ्याही खात्यावर एखादे सत्कृत्य असावे, म्हणून याची नोंद करतो.)

आता, श्रोता झोपल्यावर वाचकाने पुस्तक मिटायला हवे होते. मी मिटले नाही. कारण माझ्या हातात पेन्सिल होती. आपल्यासारख्या सर्वेक्षण खात्यातल्या माणसाला हे विचित्र वाटेल, परंतु एकेचाळीस वर्षांत मी छापील कागद पेन्सिलीवाचून कधी वाचलेला नाही. निवृत्तीनंतर मी औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना तपासल्या, दिनदर्शिका तपासल्या, मुलाच्या विवाहाच्या वेळी आपण छापलेल्या निमंत्रणातील चारही चुका (आपल्याला कळवल्या होत्याच) तपासल्या. छापखान्यातही कविता माझ्या टेबलावरून पुष्कळ गेल्या. पण मी त्यांत फक्त वेलांट्या पाहिल्या. एका कवितेत माणूस रडतो की हसतो, हे मला पुस्तक बांधून गेल्यावरही ठाऊक नसे. ही गोष्ट मी इतकी वर्षे अभिमानाने सांगत आलो. आता सांगत नाही.

तर, पेन्सिल पानाच्या कडेच्या समासात चालू लागली. आरंभी फक्त दुरुस्त्या होत्या. पण ओढ्याच्या त्या कवितेखाली मी नकळत लिहिले: ‘ओढा अठ्ठेचाळीस ओळी बोलतो. खडक गप्प आहे. मला खडकाचे पटते.’ लिहिल्यावर मीच दचकलो. ही दुरुस्ती नव्हती. हे माझे मत होते, आणि ते कोणी विचारलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी एक शिपाई युद्धावर निघाला. त्याच्या कवितेखाली: ‘सातव्या कडव्यातही दारातच आहे. आमचे थोरले मेहुणे असेच निघतात.’ पुढे एका प्रियकराने प्रेयसीसाठी आकाशातले तारे तोडून आणण्याची तयारी दाखवली. तेथे मी लिहिले: ‘एवढे नको होते. तिचा चष्मा शोधून दिला असता तरी पुष्कळ.’ एका नव्या कवितेत विरामचिन्हच नव्हते. मी एकतीस स्वल्पविराम घातले, मोठ्याने वाचून पाहिली, आणि एकतीसही खोडून लिहिले: ‘काढले. येथे दम लागायलाच हवा.’ (छापखान्यातला माझा वरिष्ठ हे वाचता तर त्याने मला घरी पाठवले असते.)

एक कविता वडिलांच्या रिकाम्या खुर्चीवर होती. फार प्रसिद्ध आहे. शाळेत असताना मीही ती धडाधड म्हणून दाखवली होती आणि बक्षीस घेतले होते. या खेपेस ती मला धडाधड म्हणता आली नाही. तेथे मी लिहिले: ‘माझ्या वडिलांच्या शेवटच्या पत्रात दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त करून पत्र त्यांना परत पाठवले. त्यानंतर त्यांनी पत्र लिहिले नाही. लिहिण्याइतके ते जगलेही नाहीत.’ आपण त्या वेळी गाढ झोपेत होता. बरेच झाले.

आपण गेल्यावर पुस्तक परत करायला हवे होते. मुदत शिल्लक आहे, असे कारण सांगून मी ते ठेवून घेतले आणि तीन ते चार रिकाम्या खाटेशेजारी बसून वाचत राहिलो. (सूनबाई दारातून डोकावून म्हणाली, ‘बाबा, पप्पा गेलेत!’ मी म्हणालो, ठाऊक आहे, उजळणी चालली आहे.) उत्तरार्धात एक साधी कविता आहे. नवरा कामावरून परत येतो आणि दारात उभा राहून बायकोला दिवसभराची हकिकत सांगतो. वाईट नाही, तिसऱ्या ओळीत थोडी ओढाताण आहे. तिच्याखाली मी जे लिहिले ते पूर्ण देतो, कारण पुढचा सारा अनर्थ त्याने घडला: ‘हा गृहस्थ दारात बारा ओळी बोलतो. मी दारात कधी काही बोललो नाही. पण तिने मला एकदाही दार वाजवू दिले नाही. पायरीवरचा माझा आवाज ओळखून ती आधीच उघडते. ती हे कसे करते, हे मी विचारलेले नाही. विचारायला हवे होते.’

मग शेवटच्या पानावर ‘तपासले’ अशी खूण करून मी पुस्तक वाचनालयाच्या खिडकीत देऊन आलो. आपण विचाराल, नोंदी खोडल्या का नाहीत? व्याहीमहाशय, सुचलेच नाही. जन्मभर मी छापील कागद घेतला, त्याचा समास भरला, कागद परत दिला. समास भरलेला असणे हीच माझ्या लेखी काम संपल्याची खूण. पायरी उतरताना मला हलके वाटत होते.

सहा दिवसांनी कार्यकारिणीची बैठक झाली. ग्रंथपालबाईंनी तो ग्रंथ मेजावर ठेवला आणि सातव्या नियमाचे स्मरण दिले: ग्रंथावर लिहिणाऱ्याचे सभासदत्व एक वर्ष स्थगित करून त्याचे नाव फलकावर लावावे. हा सातवा नियम मी रचला आहे. त्यातील शब्दयोजनेचे तेव्हा कौतुकही झाले होते. नोंदवहीत शेवटचे कार्ड माझे निघाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, पण संशयाने नव्हे. माझ्यावर संशय कोणाला येईल? वाचनालयात मला पाठीमागे ‘शुद्धिपत्र’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. अक्षरावरूनही कोणी ओळखले नसते. माझ्या तक्रारी शाईत आणि ठळक असतात. पेन्सिलीचे अक्षर मुंगीएवढे, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापलीकडे कोणी न पाहिलेले. अध्यक्ष (हे दंतवैद्य आहेत आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहण्याची त्यांना सवय आहे) म्हणाले, ‘तुमच्याकडून कसं झालं हे?’ तेव्हा मी म्हणालो: ‘पुस्तक घरी पाहुण्यांसाठी आणले होते. व्याही आले होते.’

दोनच वाक्ये. दोन्ही सत्य, दोन्ही निर्दोष. आणि त्यांच्यामधल्या जागेत आपला बळी गेला. ‘पण त्यांच्या डोळ्याला पट्टी होती ना?’ असे कोणीसे विचारले. मी पुटपुटलो, ‘एकाच.’ हाच तो शब्द, ज्याची लाज मला आज सोळा दिवस वाटत आहे. इतका लहान शब्द असून तो मला गिळता आला नाही.

यापुढे दंड होऊन प्रकरण मिटते तर बरे होते. पण गुन्ह्याचे स्वरूप कळावे म्हणून ग्रंथपालबाईंनी एक नोंद वाचून दाखवली. खडकाची. कोणीतरी हसले. दुसरी वाचली. डुलकी घेणारे जागे झाले. तारे तोडण्याच्या नोंदीपाशी दंतवैद्य स्वतःचे दात दाखवून हसले. वडिलांच्या खुर्चीपाशी मात्र कोणी हसले नाही, आणि बाईंनी चष्मा काढून पुसला. ठराव झाला तो असा: दंड करू नये, नोंदी टंकलिखित करून ‘एका पाहुण्याच्या नोंदी’ या मथळ्याखाली गुरुवारच्या काव्यबैठकीत वाचाव्यात, मूळ ग्रंथ मात्र स्वच्छ करावा. ही शेवटची सूचना माझी. (घाबरलेल्या माणसाला सूचना फार सुचतात.) खोडण्याचे काम, मी काळजीपूर्वक करतो म्हणून, मलाच मिळाले. दोन दुपारी खोडरबर घेऊन मी माझा स्वतःचा पुरावा नष्ट केला, आणि इतका काळजीपूर्वक, की आज भिंगाखालीही एक अक्षर दिसत नाही.

गुरुवारच्या बैठकीला आमची ही नेमाने जाते. मी जात नाही. घरी आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘व्याही असे असतील असं वाटलं नव्हतं हो! विहीणबाई भाग्याच्या.’ आणि तिने दाराची ती नोंद मला तोंडपाठ म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग म्हणाली, ‘मीपण उघडतेच की दार. पण हे लक्षात यायला माणूसच तसा लागतो.’ आणि पिशवी ठेवायला आत गेली.

व्याहीमहाशय, त्या क्षणी मला आपला मत्सर वाटला. आपण म्हणजे त्या प्रसंगी मीच होतो, हे ठाऊक असूनही वाटला. पुढचे दहा दिवस आमच्या घरी आपले गुणगान चालले. आपण चहाची बशी कशी अलगद ठेवत असा, विहीणबाईंची आठवण निघाली की कसे खिडकीबाहेर पाहत असा (आपण कबुतरे मोजत होता, हे मला माहीत आहे), सारे निघाले. आधी माझ्यावर संतापलेली सूनबाई आता तीन शेजारणींना सांगून आली की, पप्पा साहित्यिक आहेत. आणि वाचनालयाच्या निमंत्रणाला आपले उत्तर आले: ‘मला नीटसे स्मरत नाही, तथापि माझ्या हातून काही बरे लिहिले गेले असल्यास आनंद आहे. अवश्य येतो.’ हे उत्तर मी चार वेळा वाचले. त्याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही. मी गप्प राहून लबाडी केली, आपण विसरून. आपली अधिक सभ्य आहे.

गेल्या रविवारी दुपारच्या जेवणाच्या वेळी मी कबुली दिली. उभा राहून दिली. तारखा, पृष्ठक्रमांक, पेन्सिलीची जात, सर्व सांगितले. कोणाचाही विश्वास बसला नाही. मुलगा म्हणाला, ‘बाबा, बसा, जेवण गार होतंय.’ सूनबाई म्हणाली, ‘माझ्या पप्पांचं एवढंसं कौतुक झालं, तेसुद्धा बघवेना?’ आणि ताट घेऊन उठली. मी हिच्याकडे पाहिले. ती बराच वेळ भात कालवत राहिली, आणि म्हणाली, ‘जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात, ते ठीक होतं. आता लोकांचं चांगलं लिहिलेलंही स्वतःचं म्हणायचं?’

मी म्हणालो की, ती नोंद तुझ्याविषयी आहे.

ती म्हणाली, ‘मग तोंडानं का नाही सांगितलंत कधी?’

मी पुन्हा तारखा सांगू लागलो. ती उठून गेली.

असो. आपल्या नावाचा मी गैरवापर केला, आपण पाहुणे असताना आणि आपला एक डोळा बांधलेला असताना केला, याची मला शरम वाटते. क्षमा मागण्याची सवय नसल्याने वाक्य नीट बांधता आलेले नाही, अर्थ घ्यावा. डोळ्याची काळजी घ्यावी आणि उन्हात चष्म्यावाचून जाऊ नये.

आपला अपराधी,
व्याही

ता. क. १. वास्तविक पत्राचा हेतू निराळा आहे. माझी कबुली येथे चालत नसल्याने आपले प्रमाणपत्र हवे आहे. मसुदा देतो, कृपया शब्द बदलू नयेत. ‘मी असे प्रमाणित करतो की, काव्यवाचन चालू असता मी प्रत्येक दिवशी झोपलेलो होतो, मी एकही कविता पूर्ण ऐकलेली नाही, समासातील नोंदी माझ्या नाहीत.’ यामुळे सूनबाईला दिलेल्या आपल्या ‘वा! काय लिहितात हो!’चे काय होईल, याची मला कल्पना आहे. दोघांनाही थोडे थोडे लाजावे लागेल. माझा वाटा मोठा आहे.

ता. क. २. सत्काराला अवश्य यावे. मी दंतवैद्यांना खरा प्रकार लेखी कळवला आहे आणि सातव्या नियमाप्रमाणे माझे नाव फलकावर लावण्यास सांगितले आहे. ते म्हणाले, ‘आधी व्याह्यांचं पत्र येऊ द्या.’ म्हणजे दंड व्हायलाही मला आपली शिफारस लागते. आपण आलात तर खडकाची, शिपायाची, ताऱ्यांची नोंद आपल्या तोंडून जाऊ द्या. माझी हरकत नाही. दाराची मात्र वाचू नये.

ता. क. ३. प्रमाणपत्रास जोडण्यासाठी, घरात व वाचनालयात चुकीच्या सांगितल्या जाणाऱ्या तारखा दुरुस्त करून देतो:

आपले आगमन: सूनबाईच्या म्हणण्याप्रमाणे १ फेब्रुवारी. खरे, २ फेब्रुवारी.

काव्यवाचनास आरंभ: ८ फेब्रुवारी. (आपल्या झोपेसही तोच दिवस.)

आपले प्रयाण: वाचनालयाच्या निवेदनात ‘मार्चचा पहिला आठवडा’ असे म्हटले आहे. खरे, २७ फेब्रुवारी, सकाळची गाडी.

दाराची नोंद: १ मार्च. आपण तेव्हा दोन दिवसांपासून स्वतःच्या घरी होता. एवढी एक तारीख कोणी विचारली असती, तर हे सारे पत्र लिहिणे वाचले असते.

पुस्तक परत: ३ मार्च. बैठक: ९ मार्च. ‘एकाच’ हा शब्द: त्याच दिवशी, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

कबुली: २२ मार्च. पत्रास आरंभ: २४ मार्च. समाप्ती: आज, २५ मार्च.

शेवटची दुरुस्ती नोंदीतच आहे. ‘तिने मला एकदाही दार वाजवू दिले नाही’ हे विधान खरे नाही. अकरा वर्षांपूर्वी, ६ ते २४ ऑगस्ट, ती इस्पितळात होती. मुलगा नोकरीसाठी परगावी होता, घरात कोणी नव्हते, किल्ली माझ्या खिशात होती. तरी इस्पितळातून परत आल्यावर मी रोज आमचे दार वाजवत असे. थोडा वेळ थांबून मग किल्ली लावत असे. असे एकोणीस दिवस. ही दुरुस्ती आज सकाळी मी तिला सांगितली. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली, आणि म्हणाली, ‘एकोणीस कसे? चोवीस तारखेला तर मी तुमच्याबरोबर परत आले. दार मी उघडलं.’

मी मोजून पाहिले. तिचे बरोबर आहे. एकोणीसऐवजी अठरा वाचावे.